कारवारचा प्लॉट आणि सीआरझेडचा नकाशा: कामाचा, पण पट्टी जपून लावा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचं गिऱ्हाईक कारवार-अंकोल्याला प्लॉट बघायला उतरलं की एजंट उतारा पुढे करतो, फार तर एनए (बिगरशेती) ऑर्डर. सीआरझेडचा, म्हणजे समुद्र-खाडीकाठी बांधकामावर बंधनं असलेल्या किनारी नियमन क्षेत्राचा नकाशा तो आपणहून काढत नाही. ऑनलाइन फुकट मिळतो, तो आपणच काढायचा.

२०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे केलेल्या या किनारा आराखड्याचं प्रमाण १:२५,०००, म्हणजे कागदावरच्या १ मिमीत जमिनीवरचे २५ मीटर. दाट वस्तीच्या गावात (२०११ च्या जनगणनेत चौरस किमीला २१६१ पेक्षा जास्त माणसं) बांधकामबंदी भरतीरेषेपासून ५० मीटर. नकाशावर ती २ मिमी होते. विरळ वस्तीत २०० मीटर, म्हणजे ८ मिमी. आणि पाच गुंठ्यांचा चौकोनी प्लॉट? बॉलपेनच्या टिंबाखाली झाकून जातो! त्यात मोठी शीट ए-फोरवर ‘फिट टू पेज’ छापली की प्रमाणच बदलतं. पट्टी आधी खालच्या स्केलबारवर लावून बघा, मग पुढचं माप.

गावाचा अंदाज घ्यायला हा नकाशा उत्तम, इसार देण्यापुरता मुळीच नाही. त्यासाठी सर्व्हे नंबरांसकटचा १:४००० चा नकाशा हवा. त्यावर ५० मीटर म्हणजे साडेबारा मिमी, डोळ्यांना दिसतील असे. मात्र पोटहिस्सा (सर्व्हे नंबरातला आपला तुकडा) नकाशावर पडलेला नसेल तर आधी मोजणी करून घ्या, नाहीतर आपली जागा कुठली हेच ठरत नाही.

भरतीरेषा म्हणजे आपण गेलो त्या दुपारचं पाणी नव्हे. उधाणाला पाणी जास्तीत जास्त जिथवर चढतं ती रेषा.

फसगत बहुतेक वेळा खाडीकाठी होते. ‘समुद्र दोन किलोमीटर लांब’ हे खरंच असतं, पण सदाशिवगडच्या बाजूला काळी नदीत भरतीचं पाणी शिरतं. अशा काठाला ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी तेवढा पट्टा सीआरझेडमध्ये येतो. जवळ १००० चौरस मीटरपेक्षा मोठी खारफुटी असेल तर तिच्याभोवतीचा ५० मीटर पट्टाही तपासा.

बंदीपट्ट्याबाहेर स्वतः राहण्यापुरतं, ३०० चौरस मीटरपर्यंत बांधकाम असेल तर स्थानिक संस्थाच सीआरझेड तपासून परवानगी देऊ शकते. होमस्टे किंवा रिसॉर्ट मनात असेल तर ही वाट धरू नका, ते प्रकरण राज्याच्या किनारा प्राधिकरणाकडे जातं.