घरी येऊन गाडीच्या एसीत गॅस भरून देणाऱ्यांपासून सावध राहा

उन्हाळा लागला की मोबाईलवर "कारचा एसी गॅस घरपोच, अर्ध्या तासात" अशा जाहिराती यायला लागतात, त्यातल्याच एकाने नागपुरात माझ्या बाबांना फसवलं, आणि नुसते पैसे घेऊन गेला असता तरी चाललं असतं पण गाडीत भलताच गॅस भरून गेला म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी जुनी हॅचबॅक. तक्रार एवढीच की पळताना एसी मस्त थंड पण सिग्नलला उभी राहिली की गरम हवा. त्या माणसाने एसी चालू ठेवून गॅसचं प्रेशर दाखवणारं निळं मीटर लावलं, काटा 40 पीएसआयच्या (प्रेशर मोजायचं एकक) आसपास. म्हणे "काकाजी, गॅस संपला ना, 120 पाहिजे, दरवर्षी भरावाच लागते." मग आधीचा गॅस सरळ हवेत सोडला, बिनालेबलच्या सिलिंडरमधून दुसरा भरला, गाडी बंद केली, थोडं थांबला आणि परत मीटर दाखवलं तर काटा बरोबर 120 वर. घेतले 2,800 रुपये. बाबांनी दोन्ही वेळेस व्हिडिओ काढून मला पाठवला होता म्हणून त्याची चलाखी नंतर कळली.

चलाखी अशी की एसी चालू असताना लो साइडला, म्हणजे कमी प्रेशरच्या बाजूला, त्या निळ्या मीटरवर, 30-40 पीएसआय दिसणं नॉर्मलच आहे. गाडी बंद केली की दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखं होतं आणि 37-38 डिग्रीत आर-134ए (कारच्या एसीत भरतात तो गॅस) असेल तर काटा आपोआप 120 च्या आसपास जातो, आत गॅस थोडा कमी असला तरी. म्हणजे आधीचं रीडिंग चालू गाडीचं आणि नंतरचं बंद गाडीचं! समोरचा माणूस डोळ्यांनी बघून फसतो, याचाच मला जास्त राग येतो. आणि गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही, सिस्टीम सीलबंद असते, कमी झाला तर कुठेतरी लीक आहे, ते न शोधता भरणं म्हणजे पैसे वाया.

काही दिवसांत कॉम्प्रेसर आवाज करायला लागला म्हणून बाबा चांगल्या वर्कशॉपमध्ये गेले. त्यांनी आपलं रिकव्हरी मशीन (जुना गॅस ओढून घेणारं) लावायलाच नकार दिला, आधी गॅस ओळखायचं यंत्र लावलं, त्यात हायड्रोकार्बन आलं. म्हणजे प्रोपेन-ब्युटेन, आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये असतो तसला पेट घेणारा गॅस. एसीची कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते हो, तिथे लीक झालं तर गॅस थेट केबिनमध्ये, आणि एखादी ठिणगी पुरते. बाबा त्या गाडीतून नातीला शाळेत सोडत होते.

मूळ बिघाड काय निघाला तर कंडेन्सर फॅनचा (एसीची पुढची जाळी थंड करणारा पंखा) रिले, म्हणजे तो पंखा चालू करणारा स्विच, काहीशे रुपयांचा. उभ्या गाडीत गरम आणि पळताना थंड असेल तर आधी फॅनच बघायचा असतो. तो सगळा गॅस वेगळा काढणं, ड्रायर (ओल शोषणारा भाग) बदलणं, अर्धा तास व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा-ओल काढणं) आणि नवीन गॅस यात बारा हजारांवर गेले. त्या माणसाचा फोन बंद, पोलिसांत तक्रार केलीय.

कोणालाही बोलवायचं असेल तर वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप आहे का ते आधी विचारा, गॅस ग्रॅममध्ये मोजून भरतात, किती ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं, छोट्या गाडीत साधारण 350 ते 500 ग्रॅम. सीलबंद कॅन स्वतःच्या डोळ्यांसमोर फोडायला लावा, आणि "टॉप-अप", म्हणजे न मोजता वरून थोडा गॅस भरतो, म्हणाला की सरळ परत पाठवा. ज्यांनी असल्या बिनालेबलच्या सिलिंडरमधून आधीच भरून घेतलंय त्यांनी टेस्ट होईपर्यंत एसी लावू नका, गाडीत सिगारेट नको, आणि वर्कशॉपवाल्याला मशीन लावायच्या आधीच सांगा की आत कुठला गॅस आहे माहीत नाही.