डीएसएलआर ठेवून मिररलेस: एका लग्नसराईनंतरचा अनुभव

तुळशीच्या लग्नापासून जूनपर्यंत, म्हणजे आठेक महिने, 24 मेगापिक्सेलची फुल फ्रेम (35 एमएम फिल्मएवढ्या सेन्सरची) मिररलेस बॉडी, म्हणजे डीएसएलआरसारखा आत आरसा नसलेला कॅमेरा, लातूर-औसा-उदगीर पट्ट्यातल्या लग्नांत वापरून हे लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही. या वर्गातल्या बहुतेक बॉडींना यातलं बरंचसं लागू पडतं.

पैसे मोजायचे ते डोळ्यावरच्या फोकससाठी. सप्तपदीत नवरी चालत असली तरी डोळा सुटत नाही. अडतं ते मुंडावळ्यांपाशी. नवरदेव बाजूला वळला की मोत्यांची सर डोळ्याच्या पुढ्यात येते आणि फोकस पापणी सोडून मोत्यावर जाऊन बसतो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर कळत नाही, 12 बाय 36च्या अल्बममध्ये कळतं. 85 एमएम लेन्सने दोन मीटरवरून एफ 1.8ला (आकडा लहान तितकं लेन्सचं भोक मोठं) जेमतेम सहा सेंटीमीटर खोली शार्प येते, एफ 4ला तेरा. म्हणून मुंडावळ्या बांधल्या की एफ 2.8पेक्षा जास्त उघडायचं नाही आणि बाजूला वळलेल्या चेहऱ्याला डोळा शोधणं बंद करून एकच पॉइंट वापरायचा. अक्षता पडतात तेव्हा ट्रॅकिंगची (हलत्या माणसामागे फोकस नेण्याची) सेन्सिटिव्हिटी सगळ्यात कमी ठेवा, नाहीतर फोकस तांदळामागे धावतो. अंतरपाटाला उलट: कापड सरकलं की शटर बटण सोडून पुन्हा अर्धं दाबायचं.

इलेक्ट्रॉनिक शटर आवाज करत नाही म्हणून मंगलाष्टकांना लावतात. तेवढ्या माइकसमोर शटर कुणाला ऐकू येणार, देव जाणे. सेन्सर एकेक ओळ करून वाचला जातो आणि 50 हर्ट्झच्या विजेवरचे स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, त्यामुळे शेरवानीवर आडवे काळे पट्टे येतात. मेकॅनिकल शटर, अँटी-फ्लिकर (दिव्याची लुकलुक ओळखून फोटो घेणारी सोय) चालू, स्पीड 1/100. स्टेजमागच्या एलईडी वॉलची लय वेगळी असते. नवरदेव येण्याआधी 1/100, 1/80, 1/60 असे तीन फोटो काढून बघायचे. 2023च्या नोव्हेंबरात जाहीर झालेल्या सोनी ए9 थ्रीमध्ये सगळा सेन्सर एकदम वाचला जातो, तिथे पट्टे येत नाहीत. पण ती किंमत इथल्या ऑर्डरींतून निघत नाही. फ्लॅश लावल्यावर व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट दिसला तर कॅमेरा बिघडला असं नाही, एक्सपोजर प्रीव्ह्यू (फोटो किती उजळ येईल ते आधीच दाखवणारी सोय) बंद करा.

बॅटरी ही खरी कटकट. डीएसएलआरला दोन पुरायच्या, इथे दिवसाला चार लागतात. लाइट गेली तर यूएसबी-सी पीडी पॉवर बँकेवर बॉडीतच चार्ज करता येते. डुप्लिकेट बॅटरी 40 टक्के दाखवते आणि पुढच्या मिनिटाला बंद पडते. ऐन कन्यादानात ती घालू नका. उन्हाचंही तसंच. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत 40 अंशांची मर्यादा लिहिलेली असते आणि आपला मे महिना ती सहज ओलांडतो. वरातीत फोर-के व्हिडिओ सेकंदाला 60 फ्रेमवर ठेवला की बॉडी तापून बंद. 25 फ्रेमवर आणा, मागची स्क्रीन बॉडीपासून बाहेर ओढा, मधल्या वेळात पांढरा रुमाल टाका.

आरसा नसल्याने लेन्स काढताच सेन्सर उघडा पडतो. हळदीच्या मांडवात लेन्स बदलूच नका. बदलावीच लागली तर कॅमेरा बंद, तोंड खाली, नंतर हाताचा ब्लोअर. तोंडाने फुंकर कधीच नाही.

जुन्या लेन्स अडॅप्टरवर (जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडणाऱ्या कडीवर) चालतात, पण नीट बघून घ्या. निकॉनची 50 एमएम 1.8डी आपल्याकडे घरोघरी आहे. तिच्यात मोटर नाही, निकॉनच्याच एफटीझेड अडॅप्टरवर ती ऑटोफोकस करत नाही.

धंद्याचं म्हणाल तर 2010 साली जगभरात 12 कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कंपन्यांतून बाहेर पडले, 2023 साली 80 लाखांच्या आत. खालचा सगळा बाजार मोबाइलने खाल्ला. उरलेल्या कंपन्या आता महागड्या बॉडी आणि लेन्सवर जगतात, म्हणून नवं माउंट (लेन्स बसवायची खाच, प्रत्येक कंपनीची वेगळी) घेतलं की खर्च बॉडीवर थांबत नाही. आणि फोकस चुकत नाही म्हणून बोट थांबत नाही: एका लग्नात चार हजार रॉ (प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल), प्रत्येकी 30 एमबी धरली तर 120 जीबी, दोन कॉपी म्हणजे 240. निवडायला अख्खा दिवस जातो. गिऱ्हाईक त्याचे वेगळे पैसे देत नाही, उलट ‘रील आजच पाहिजे’ म्हणतं.

पासपोर्ट फोटो आणि शाळेचे ग्रुप एवढंच काम असेल तर जुनी डीएसएलआर विकू नका. सेकंडहँडला भाव राहिलेला नाही, आणि त्या कामाला ती अजून दहा वर्षं पुरेल.