वाण्याच्या काट्यावर प्राचीन संस्कृती

हर्णैला माझं किराणा दुकान. धाकटी यंदा सहावीत. इतिहासात हडप्पा संस्कृतीचा धडा आहे, त्याचं निमित्त करून तिनं जूनमध्येच हट्ट धरला आणि मी ऑनलाइन प्राचीन संस्कृतींचा, हातानं करून बघायचा एक खेळसंच मागवला. किंमत 1,499 रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच डबा तीन-चार नावांनी विकायला आहे. झाकणावर पिरॅमिड आणि उंट दिसला की समजा. आत चार खोकी: इजिप्त, मेसोपोटेमिया, हडप्पा, चीन. वर्षभर वापरून झाला, आता लिहायला हरकत नाही.

पहिली गोष्ट, हा डबा पावसाळ्यात मागवू नका. यात 'उत्खनन' करायचा एक पांढरा ठोकळा असतो, छोट्या हातोडीनं आणि ब्रशनं खणत खणत आतल्या वस्तू काढायच्या. आमच्याकडे जुलैत मिठाला पाणी सुटतं, तिथं त्या ठोकळ्याची काय कथा! फडताळातून काढला तर दह्यासारखा. धाकटीनं चमच्यानं खरवडून दहा मिनिटांत आख्खं मोहेंजोदडो बाहेर काढलं. मजा गेली ती गेलीच.

इजिप्तचं खोकं बरं होतं. ममीची बाहुली, पट्ट्या आणि मिठाची पुडी. सत्तर दिवसांच्या विधीत सुमारे चाळीस दिवस प्रेत नेट्रॉन नावाच्या खारात ठेवून सुकवायचे, हे वाचून आमची कन्या म्हणाली, "म्हणजे खारवलेला बांगडाच की!" हर्णैच्या पोरीला याहून जास्त काय समजावायचं?

मेसोपोटेमियाच्या खोक्यात पाट्या करायला माती होती, ती दगड होऊन आलेली. पण भाद्रपद तोंडावर होता. गणपतीच्या शाळेतल्या काकांकडून शाडूचा गोळा आणला. संचातली प्लास्टिकची लेखणी टोकदार, तिनं नुसत्या रेघा ओढल्या जातात. खरी लिपी पाचरीसारख्या खुणांची, बोरूचं टोक ओल्या मातीत दाबून उमटवलेली. मग मी कळकाची कामटी तिरकी तासून दिली आणि पहिली पाचर नीट उमटली तेव्हा आम्ही दोघंही ओरडलो. बायको आतून धावत आली, तिला वाटलं कुणाचं बोट कापलं.

इथंच मी या संचाच्या प्रेमात पडलो, खोटं कशाला बोलू. पुस्तिकेत लिहिलंय आणि ते खरं आहे, की मेसोपोटेमियातल्या उरुक या जुन्या शहरात सापडलेल्या पाच हजार वर्षांहून जुन्या पाट्यांवर कविता नाहीत, राजाची स्तुती नाही. बार्ली किती, मेंढ्या किती, बिअर कुणाला किती दिली याचा हिशेब आहे. म्हणजे माणसानं लिहायला घेतलं ते उधारीच्या वहीसाठी! तीस वर्षं वही लिहितोय, शाळेत कुणी हे सांगितलं नव्हतं. धाकटीनं लगेच आमच्या एका गिऱ्हाइकाची उधारी मातीवर उतरवली: तांदूळ दहा खुणा, तेल दोन. तिकडे पाट्या उन्हात वाळायच्या, इकडे ऊन कुठलं? चुलीच्या वैलाजवळ चार दिवस ठेवली तेव्हा वाळली.

आता हडप्पा. विटा उत्तम. लहानशा, पण जाडी, रुंदी, लांबी बरोबर 1:2:4, जशा हडप्पाच्या नगरांत असत. धाकटीनं टेप घेऊन आमच्या पडवीचा चिरा मापला: चौदा, नऊ, सात इंच. "बाबा, आपला चिरा नापास," असं म्हणून ती गेली. मुद्रा कोरायला दिलेला तुकडा कोरताना फुटला, म्हणून अंगाच्या साबणावर नाव कोरलं. ठसा उलटा आला. तेव्हा कळलं, स्टिएटाइट नावाच्या मऊ दगडाच्या एवढ्याशा चौकोनावर ते कारागीर सगळं उलटं कोरत होते.

पण वजनं! माझा धंदाच तराजूचा, दरवर्षी वजनमापवाल्यांचा शिक्का मारून घेतो, तेव्हा इथं मला कुणी फसवू नये. हडप्पाची वजनं चर्ट दगडाची, घनाकृती, 1, 2, 4, 8, 16 अशी दुपटीनं चढत जाणारी. सोळाचं वजन साधारण साडेतेरा ग्रॅमचं आणि सर्वांत जास्त तेच सापडतं. (सोळा आण्यांचा रुपया बघितलेल्या माझ्या वडिलांना यात काहीच नवल वाटलं नाही.) संचात तीन ठोकळे आहेत, वर 1, 2 आणि 4 लिहिलेलं. काट्यावर ठेवले. एकच्या ठोकळ्यानं काटा धड हललाही नाही, दोनचा 13 ग्रॅम आणि चारचा चक्क 104! कारण करणाऱ्यानं वजन दुप्पट करायच्या ऐवजी बाजू दुप्पट केली. बाजू दुप्पट म्हणजे वजन आठपट. चार हजार वर्षांपूर्वीच्या वाण्यांना जे जमत होतं ते या कंपनीला जमलं नाही.

याहून वाईट गोष्ट पुस्तिकेत. शेवटच्या पानावर हडप्पा लिपीची बाराखडी, आणि 'या लिपीत स्वतःचं नाव लिहा'. ती लिपी अजून कुणालाही वाचता आलेली नाही! पोरीनं नाव लिहून वर्गात नेलं आणि बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुला कुणी शिकवली गं?" घरी येऊन जेवली नाही. शोधाची गोष्टही अर्धीच: सगळं तेव्हाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शलसाहेब यांच्या नावावर. 1921 ला हडप्पा खणणारे दयाराम सहानी आणि पुढच्या वर्षी मोहेंजोदडोला हात घालणारे राखालदास बॅनर्जी कुठंच नाहीत.

चीनच्या खोक्यात एक कागदी पंखा निघाला. पुढं काही नाही.

घ्यावा का? हजाराच्या आत मिळाला तर दिवाळीनंतर घ्या, लिपीचं पान आधी फाडा. पूर्ण किमतीला नको. तेवढ्या पैशांत आम्ही चौघं एसटीनं दापोली गाठून पन्हाळेकाजीची 29 लेणी दोनदा बघून आलो असतो.

वजनांबद्दल तक्रार केली होती. माणसं गोड बोलली, आठ दिवसांत बदली ठोकळे पाठवले. तेही तसेच निघाले. 104 ग्रॅमचे दोन्ही आता गल्ल्यापाशी बिलांवर ठेवलेत, पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडतात म्हणून.