शोधनिबंध खरा, डब्यातली पावडर भलतीच

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. गेल्या वर्षी मी कराडमधल्या एका अकॅडमीत होते. तिथे मिळालेल्या पावडरीबद्दल तक्रार दिली आहे, निकाल यायचा आहे, म्हणून अकॅडमीचं नाव देत नाही.

आम्हा मुलींच्या मैदानी चाचणीत 800 मीटर धावण्याला 20 गुण, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. गोळा आणि शंभर मीटर माझं बरं होतं. आठशे मीटर मात्र काही केल्या 3 मिनिटं 10 सेकंदांच्या खाली येईना. दुसऱ्या फेरीत पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जिना उतरताना गुडघे इतके दुखायचे की कठड्याला धरून उतरावं लागायचं.

एक दिवस सरांनी आम्हा पाच-सहा जणींना बाजूला बोलावलं. हातात पांढरा डबा. "पोरींनो, हे बाहेरचं सप्लिमेंट नव्हे. अश्वगंधा आहे. तुमच्या आज्यांनीसुद्धा दुधातून खाल्लेली." मग त्यांनी एक लॅमिनेट केलेला कागद दाखवला. इंग्रजी शोधनिबंधाचं पान, त्यावर दोन आलेख आणि पिवळ्या मार्करने रंगवलेल्या तीन ओळी. "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. ताकद वाढते, थकवा लवकर भरून निघतो."

आम्ही तिथेच फसलो. आजीच्या नावाने भीती गेली आणि इंग्रजी कागदाने शंका गेली. दोन्हीपैकी एकच असतं तर मी कदाचित घरी जाऊन विचार केला असता. डबा महिनाभर पुरायचा, किंमत 2,400 रुपये. आमच्या घरी दोन म्हशींच्या दुधावर महिना निघतो. वडिलांनी एका शब्दानेही न विचारता पैसे दिले. असे तीन डबे घेतले.

पावडरीने फरक पडला, आणि तो फार लवकर पडला. आठवड्याभरात गुडघे दुखायचे थांबले. भूक इतकी लागायची की भाकरी पुरायची नाही. रात्री झोप कमी होऊनही पहाटे पाचला अंगात उत्साह असायचा. दुसऱ्या महिन्यात आठशे मीटर 3 मिनिटं 2 सेकंदांत आलं. चेहरा भरला. गल्लीतल्या काकू म्हणाल्या, "तब्येत सुधारली गं तुझी." आता कळतं, ती तब्येत नव्हती, सूज होती.

चौथ्या महिन्यात एक म्हैस आटली आणि मी डबा घेतला नाही. चौथ्या-पाचव्या दिवसापासून अंगातला जीवच गेल्यासारखं झालं. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधार. जेवण नको, सारखी मळमळ. आठव्या दिवशी वॉर्मअपच्या फेरीतच मी खाली पडले. सर म्हणाले, "बघ, पावडर सोडलीस म्हणून." या वाक्याचा मला आजही संताप येतो, कारण ते अक्षरशः खरं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी रक्तदाब पाहिला, चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बाळ, कुठली आयुर्वेदिक पावडर घेत होतीस का?" मी चाट पडले. त्यांनी सकाळी आठ वाजता रक्त घ्यायला लावलं. त्यात कॉर्टिसॉल फारच कमी निघालं. मग त्यांनी समजावलं. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. आजारपणात, मेहनतीत, उपाशीपोटी शरीराला सांभाळणारं कॉर्टिसॉल त्या बनवतात. त्याच जातीचं औषध बाहेरून रोज मिळत राहिलं की ग्रंथी काम थांबवतात. बाहेरचं एकाएकी बंद झालं की शरीराकडे काहीच उरत नाही. भूक वाढवण्याच्या, वजन वाढवण्याच्या 'वनस्पती' पावडरींमध्ये डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड मिसळलेलं असतं, असे रुग्ण त्यांनी आधीही पाहिले होते. गुडघेदुखी थांबणं, भूक, उडालेली झोप, भरलेला चेहरा, सगळं त्यात बसत होतं. अश्वगंधेने सहसा असं होत नाही. आणि हे औषध फार दिवस पोटात गेलं तर मांड्यांचे स्नायू आणि हाडं कमजोर होतात. ज्या मांड्यांसाठी मी ते घेत होते, त्याच.

बरं व्हायला पाच महिने लागले. मॅडमनी दिलेल्या गोळ्या हळूहळू कमी करत न्याव्या लागल्या. ती भरती हुकली.

त्या काळात माझ्या मामेभावाने, तो बी. फार्म करतो, तो शोधनिबंध शोधून काढला आणि आम्ही दोघांनी ओळ न ओळ वाचला. निबंध खरा आहे. 2015 साली क्रीडा पोषणाच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात तो छापून आला. 57 पुरुष, वय 18 ते 50, व्यायामशाळेत वजन उचलायला जवळजवळ नवखे. निम्म्यांना अश्वगंधेच्या मुळाचा अर्क, 300 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, आठ आठवडे. बाकीच्यांना तशीच दिसणारी पोकळ, म्हणजे औषध नसलेली गोळी. बेंच प्रेसमध्ये, म्हणजे पाठीवर झोपून छातीवरून उचललेलं वजन अर्कवाल्यांचं सरासरी 46 किलोंनी वाढलं, पोकळ गोळीवाल्यांचं 26 किलोंनी. स्नायूंची झीज दाखवणारी रक्तातली खूणही अर्कवाल्यांमध्ये कमी होती.

पण पोकळ गोळीवाल्यांनी उचललेलं वजनही 26 किलोंनी वाढलंच की! ती नुसत्या सरावाची कमाई. हा आकडा सरांच्या कागदावर रंगवलेला नव्हता. त्या प्रयोगात एकही बाई नव्हती, एकही धावणारा नव्हता. धावण्याला थोडंफार जवळचं म्हणजे अमृतसरचा एक अभ्यास, 40 सायकलपटूंवरचा. 500 मिलिग्रॅम दोनदा, आठ आठवडे, आणि दम टिकण्याची क्षमता वाढलेली. अभ्यास चांगला, पण माणसं चाळीसच. अश्वगंधेबद्दल माझं मत आजही वाईट नाही. तिच्यावर झालेले प्रयोग आशा दाखवणारे आहेत, लहान आहेत, आणि या दोन्हींत दिसलेला फायदा आठ आठवड्यांनंतरचा आहे. सात दिवसांत गुडघे गप्प करणारी अश्वगंधा आम्ही वाचलेल्या कुठल्याच शोधनिबंधात नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर पहिल्याच आठवड्यात मी थांबले असते.

आणि मुख्य गोष्ट अशी की शोधनिबंध हा त्या प्रयोगात वापरलेल्या अर्काबद्दल असतो, तुमच्या हातातल्या डब्याबद्दल नव्हे. माझ्या डब्यावर मुळाचा अर्क की पाल्याची भुकटी हे नव्हतं (आयुष मंत्रालयाने 2021 मध्येच कंपन्यांना पानं वापरू नका असं कळवलं आहे), किती मिलिग्रॅम हे नव्हतं, बॅच नंबर नव्हता, परवाना क्रमांक नव्हता. आयुर्वेदिक औषध असेल तर त्यावर औषध परवान्याचा क्रमांक लागतो. खाद्यपदार्थ म्हणून विकत असतील तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी क्रमांक लागतो, आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. नुसता छापलेला आहे म्हणून विश्वास ठेवू नका.

छापील डबाही भेसळीचा असू शकतो. जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने 2000-01 मध्ये 13 देशांतून 634 सप्लिमेंट विकत घेऊन तपासली. त्यातल्या 94 मध्ये लेबलवर न लिहिलेले, स्नायू वाढवणाऱ्या वेगळ्या जातीच्या स्टेरॉइडचे प्रकार सापडले. कुस्ती, कबड्डी, ॲथलेटिक्समध्ये स्पर्धा खेळणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. अश्वगंधा खेळाडूंना बंदी असलेल्या औषधांच्या यादीत नाही, पण माझ्या पावडरीत असावं तसलं स्टेरॉइड स्पर्धेच्या वेळी तोंडावाटे घेतलं तर ते त्या यादीत आहे. नमुना दोषी आला तर 'मला माहीत नव्हतं' एवढं सांगून सुटका होत नाही, शरीरात जे सापडलं त्याचा जबाब खेळाडूलाच द्यावा लागतो.

उरलेली पावडर, डबा आणि डॉक्टरांचे कागद घेऊन वडील आणि मी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात गेलो. लेखी तक्रार दिली, पोच घेतली. पावती मात्र माझ्याकडे नव्हती. सगळे पैसे रोख दिले होते. तुम्ही निदान फोनवरून पैसे पाठवा, नोंद राहते. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. मला तो फार उशिरा कळला.

मी बरी झाल्यावर पुन्हा ग्राउंडवर गेले, दुसऱ्या अकॅडमीच्या मुलींसोबत पळायला. जुन्या मैत्रिणी तिथेच भेटल्या. त्यांना पहिली गोष्ट हीच सांगितली की आज रागाच्या भरात डबा फेकून देऊ नका. महिनोन्महिने घेत असाल तर एकाएकी बंद केल्यावर माझ्यासारखं होऊ शकतं. डबा पिशवीत घाला आणि आधी डॉक्टरांकडे जा. दोघी गेल्या. एकीचं कॉर्टिसॉल माझ्यासारखंच कमी निघालं, तिचे उपचार चालू आहेत. तिसरी अजून घेते आहे. तिचं आठशे मीटर 2 मिनिटं 58 सेकंदांत येतं, आणि तिचा चेहरा भरत चालला आहे.