फुकटचा फोन आणि न सांगता वाढलेला करार

भाचा ऑगस्टमध्ये एमएससाठी न्यू जर्सीला गेला. परवा त्याचा मेसेज आला, "मावशी, नवा फोन फुकट मिळतोय, फक्त छत्तीस महिने त्याच मोबाइल कंपनीकडे राहायचं." ते वाचून पोटात गोळा आला. म्हणून आमच्या बाबतीत काय झालं ते लिहितेय.

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही न्यू जर्सीतच, एडिसनला राहत होतो. मॉलमधल्या स्टॉलवर दोन फ्लिप फोन घेतले. दोन लाइनींचा फॅमिली प्लॅन, दोन वर्षांचा करार, फोनचे पैसे शून्य. मध्येच सोडलं तर लाइनमागे १७५ डॉलर दंड. हे कागदावर होतं आणि आम्ही वाचूनच सही केली. फोनची किंमत कंपनी महिन्याच्या बिलातून वसूल करणार, म्हणून ही अट. त्यात काही गैर वाटलं नाही.

फसवलं ते पुढे. जून २००७ मध्ये साताऱ्यात बाबांची बायपास झाली. मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, दिवसभर घरात एकटी. परदेशी फोन करायचं कॉलिंग कार्ड स्वस्त असायचं, पण कार्डाचा नंबर मोबाइलवरूनच लावायचा, त्यामुळे प्लॅनमधली मिनिटं जायचीच. रात्री नऊनंतर मिनिटं फुकट, तेव्हा तिकडे सकाळचे साडेसहा. डॉक्टर मात्र संध्याकाळी राउंडला यायचे. ते काय म्हणाले हे आई त्यानंतरच सांगू शकायची, आणि ती आमची ऐन सकाळ. रात्री नऊपर्यंत कोण थांबणार? मिनिटं संपली. वरच्या प्रत्येक मिनिटाला ४५ सेंट.

ते बिल आल्यावर नवऱ्याने कस्टमर केअरला फोन केला. पलीकडची बाई फार आपुलकीने बोलली. महिन्याला वीस डॉलर जास्त द्या, आजपासून मिनिटं दुप्पट करते. आम्ही हो म्हटलं, वर तिचे आभार मानले. त्या एका "हो"मुळे करार त्या दिवसापासून पुन्हा दोन वर्षांचा झाला, आणि ती त्याबद्दल अवाक्षरही बोलली नाही. नवा फोन दिला नव्हता. मग ही दुसरी दोन वर्षं कशाची वसुली होती? मला आजही याचं उत्तर मिळालेलं नाही.

हे कळलं नोव्हेंबर २००८ मध्ये. मंदीत प्रोजेक्ट बंद पडला, पुण्याला परतायचं ठरलं. दोन वर्षं तर उलटून गेली होती. लाइनी बंद करायला फोन केला, तर म्हणे करार जुलै २००९ पर्यंत आहे, ३५० डॉलर भरा. तेव्हाच्या भावाने सतरा हजार रुपये! नवरा तासभर भांडला. मी सामान बांधता बांधता जुनी बिलं उपसली. ऑगस्ट २००७ च्या बिलात, चौथ्या पानावर, टॅक्सच्या रकमांखाली बारीक अक्षरात एक ओळ सापडली: कराराची अखेर जुलै २००९. यालाच ते "कळवलं होतं" म्हणत होते.

पैसे भरले. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिथला ओळख क्रमांक, त्यांच्याकडे होता. थकबाकी वसुलीवाल्यांकडे गेली की सात वर्षं क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे माणसाच्या उधारीच्या नोंदीत, राहते, आणि नवऱ्याला पुन्हा अमेरिकेला जायची आशा होती. पुण्यात त्या फोनमध्ये इथलं सिम घातलं, तर फोन त्या कंपनीपुरताच लॉक केलेला, स्क्रीनवर अनलॉक कोड मागितला.

एफसीसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाकडे, फुकट तक्रार करता येते आणि कंपनीला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, हे मला फार उशिरा समजलं. आम्ही परतलो त्याच वर्षी, जूनमध्ये, एफसीसीने याच दंडांवर सुनावणी घेतली होती. म्हणजे पोळलेले आम्ही एकटेच नव्हतो.

आता दोन वर्षांचे करार जाऊन हप्ते आलेत. समजा ८०० डॉलरचा फोन "फुकट" दिला, तर ३६ महिने दरमहा साधारण २२ डॉलरचा हप्ता लागतो आणि बिलात तेवढीच सूट मिळते. वर्षाने सोडलं की सूट बंद, आणि उरलेले ५३३ डॉलर एकदम भरायचे. भाच्याचा कोर्स दोन वर्षांचा आहे. पुढे नोकरी कुठे, व्हिसाचं काय, हे त्याला आज कोण सांगणार?

त्याला म्हटलं, इथून नेलेलाच फोन वापर, त्यात तिकडचं प्रीपेड सिम घाल. आणि करार घेतलाच, तर प्लॅनमध्ये काहीही बदलण्याआधी विचार, "याने माझी शेवटची तारीख बदलते का?" उत्तर चॅटवर लेखी घे आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून मला पाठव.