मानसशास्त्र की नाटक? बारावीनंतर ठरवताना

बारावीचा निकाल लागला की जळगाव, अमळनेर, शहाद्याकडची दोन-चार पोरं विचारतातच, "सर, माणसाचं मन शिकायचंय. मानसशास्त्र घेऊ की नाटक?"

दोन्हीकडे मूळ प्रश्न एकच: दुसऱ्याचं दुखणं आपल्याला कळतं कसं?

मानसशास्त्र ते मोजू पाहतं. २००४ साली मेंदूवैज्ञानिक टानिया झिंगर आणि सहकाऱ्यांनी १६ जोडप्यांवर प्रयोग केला. बाई मेंदूच्या स्कॅनरमध्ये, जोडीदार शेजारी. त्याच्या हाताला विजेचा चटका बसतोय अशी खूण दिसली की तिच्या मेंदूतले वेदनेच्या त्रासाशी निगडित भाग जागे होत. चटका कुठे बसला, किती बसला हे नोंदवणारे भाग मात्र गप्पच. म्हणजे त्रास पोचतो, चटका ज्याचा त्याच्याकडेच राहतो. मला हे वाचून बरेच दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं. कल्पनाशक्तीही अशीच तपासली जाते. २००७ साली संशोधक डेमिस हसाबिस यांच्या गटाला दिसलं, की हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला आठवणींशी निगडित भाग निकामी होऊन आठवणी गेलेल्या माणसांना नवा प्रसंगही नीट कल्पिता येत नाही.

नाटकाच्या तालमीत असं मोजमाप नाही. कापूस वेचणारी बाई उभी करायची तर वाकलेली कंबर, बोंडांनी ओरबाडलेली बोटं, ओटीत वाढणारं ओझं अंगावर घ्यावं लागतं. घरी अहिराणी आणि वर्गात मराठी बोलणारी आपली पोरं रोज दोन जगांत ये-जा करतात. ते इथे फार कामी येतं. अडचण एवढीच, की आपल्याला जाणवलं ते खरंच तिचं होतं का, हे तालमीत तपासता येत नाही. विज्ञानात येतं. साहित्यवाचनाने दुसऱ्याच्या भावना लगेच जास्त ओळखता येतात, असं २०१३ च्या एका अभ्यासात आढळलं. पुढे इतरांनी तोच प्रयोग केला, तर निष्कर्ष टिकला नाही. ही स्वतःला खोडून काढायची तयारी मला फार मोलाची वाटते.

व्यवहाराचं थोडक्यात. मानसशास्त्रात संख्याशास्त्र टळत नाही, आणि चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) म्हणून काम करायचं तर पदवीनंतर भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचं शिक्षण लागतं. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रमही पदवीनंतरचाच, आणि तिथे नाटकांत काम केल्याचा अनुभव मागतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पदवी मानसशास्त्रात घ्या आणि संध्याकाळी गावातल्या हौशी संघात तालमीला बसा. तीन वर्षांनी दोन्ही दारं उघडी असतील.