घरातली ज्वाला मिरची आणि ४० वॉटचा दिवा : ९ महिन्यांच्या वापरानंतर

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बी पेरलं, आता मे संपत आलाय. जागा जळगावातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, पूर्वेच्या खिडकीपासून दोन फूट आत. वर ४० वॉटचं पांढरं एलईडी पॅनल, खाली १२ इंची ग्रो बॅगमध्ये पुसा ज्वालाची तीन झाडं. असा दिवा घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा: ऑक्टोबर ते मार्च तो पुरेपूर कामाचा आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे अडचण उजेडाची राहत नाही, तापमानाची होते, आणि तिथे दिव्याचा उपयोग नाही.

पॅनल घेताना खोक्यावरचा मोठा आकडा बघू नका. '१००० वॉट' छापलेल्या पॅनलची प्रत्यक्ष ओढ बऱ्याचदा त्याहून खूपच कमी असते. 'प्रत्यक्ष वीजवापर' किती ते विचारा, तोच खरा आकडा. ४० वॉट दिवसाला १४ तास म्हणजे ०.५६ युनिट, महिन्याला साधारण १७ युनिट. आपल्या बिलातल्या दराने गुणून बघा. तीन झाडांच्या मिरचीत हा खर्च निघत नाही, तेव्हा पैसे वाचवायला कोणी या वाटेने जाऊ नये. मिळते ती ताजी, फवारणीचा हिशोब आपल्याला माहीत असलेली, देठासकट कडक मिरची, आणि लागेल तेव्हा लागेल तेवढीच.

जांभळा दिवा नको, पांढराच घ्या. जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे ते कळत नाही, पानाखालची कीड तर दिसतच नाही. मिरचीची निम्मी राखण डोळ्यांनी होते, त्यामुळे हा मुद्दा किमतीपेक्षा मोठा आहे. क्लिपवाले १० वॉटचे दिवे रोपं वाढवण्यापुरते ठीक. त्यांच्याखाली झाड उंच, बारीक होतं आणि फुलं धरत नाही.

अंतर: रोप लहान असताना पॅनल ४०-४५ सेंमी वर, झाड भरल्यावर शेंड्यापासून ३० सेंमी. त्याहून जवळ आणलं की शेंड्याची पानं पांढुरकी पडतात आणि वर वळतात. पेरं लांब सुटायला लागली की दिवा खाली आणायचा. म्हणून पॅनल भिंतीला पक्कं ठोकण्यापेक्षा खालीवर होणाऱ्या दोरीवर टांगलेलं बरं.

टायमरबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. गोल चकतीचा साधा टायमर वीज गेली की थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालतो. आपल्याकडे वीज जाण्याचं प्रमाण बघता महिन्याभरात वेळ इतकी सरकते की दिवा मध्यरात्री पेटलेला दिसतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. त्यात दिवसाला दोन-तीन वेळा चालू-बंद लावता येतं, ते उन्हाळ्यात लागतं.

माती म्हणून धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ४ भाग, गांडूळखत ३ भाग, गाळाची माती २ भाग, भाताचं तूस १ भाग. कोकोपीट धुतल्याशिवाय वापरू नका. कोकोपीटच्या विटेत क्षार असू शकतात, तेव्हा दोनदा भिजवून पिळून घ्यायचं. बी कोमट पाण्यात रात्रभर ठेवून प्रो-ट्रेमध्ये (रोपांसाठीचा खणांचा ट्रे) अर्धा सेंमी खोल. २५-३० अंशांत ७ ते १२ दिवसांत उगवतं. ट्रेला पाणी वरून नको, खालच्या ताटातून द्या. वरून रोज शिंपडलेल्या ट्रेत रोपं जमिनीलगत मऊ पडून कोलमडतात, ती बुरशी असते आणि गेलेलं रोप परत उभं राहत नाही. साधारण पाच आठवड्यांनी, ५-६ पानांवर रोप पिशवीत.

खत कुठल्याही कृषी केंद्रात मिळतं. ठिबकवाल्या शेतकऱ्यांच्या तोंडी असलेलं एकोणीस-एकोणीस-एकोणीसच (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) घ्यायचं, लिटरला १ ग्रॅम, दर १० दिवसांनी. फुलं लागल्यावर १३:०:४५ त्याच प्रमाणात. कॅल्शियम नायट्रेट द्यायचं तर वेगळ्या दिवशी, स्फुरदाच्या खतात मिसळलं की तळाशी पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. मिरचीच्या टोकाला तपकिरी, बसका डाग दिसला तर झाडाला कॅल्शियम पोचत नाहीये, आणि त्यामागे बहुतेक वेळा पाण्याची अनियमितता असते: दोन दिवस कोरडं, मग एकदम बादलीभर. वरची दोन बोटं माती सुकली की पाणी, हा नियम पाळला तर तो डाग क्वचितच येतो.

खान्देशातलं खरं दुखणं बोअरचं पाणी. ते जड असेल तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पिशवीच्या कडेला पांढरी खपली धरते आणि नवीन पानं शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा अशी येतात. ही लोहाची कमतरता. माती क्षारपड झाली की त्यात लोह असूनही मुळांना घेता येत नाही. त्यावर एकोणीस-एकोणीस वाढवून उपयोग नाही, उलट क्षार वाढतात. नळाच्या गोड्या पाण्याने पिशवी नीट धुऊन काढा, १२ लिटर मातीला किमान २० लिटर, खालून मोकळं वाहू द्या. मग चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपातलं) लिटरला अर्धा ग्रॅम, एकदा. दहा दिवसांत येणारी नवी पानं हिरवी दिसतात. आधीची पिवळी पानं मात्र तशीच राहू शकतात. आरओ फिल्टरचं टाकाऊ पाणी कुंड्यांना घालण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात, मिरचीला ते देऊ नका. (जुनी पानं पिवळी आणि नवी हिरवी असतील तर ती नत्राची भूक, त्याला खत द्या.)

घरात वारा नाही, त्यामुळे फूल येऊन गळतं असं अनेकांचं होतं. मिरची स्वपरागी आहे, पण परागकण झटकले जायला हवेत. सकाळी १० च्या सुमारास फांदीला बोटाने चार टिचक्या, किंवा टेबल फॅन १५ मिनिटं हळू. एवढ्यावर फरक पडतो.

कीड घरातही येते, खिडकीतून आणि बाजारच्या भाजीबरोबर. पान वरच्या बाजूला होडीसारखं वळलं तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळलं तर कोळी ही बारीक कीड. कडुनिंबाचं तेल ५ मिली, भांड्याचा साबण १ मिली, एक लिटर पाणी. दिवा बंद झाल्यावर, पानाच्या खालच्या बाजूने, दर ५ दिवसांनी तीन वेळा. एकाच फवारणीने काही होत नाही, कारण अंडी तशीच राहतात. पांढरी माशी दिसली की पिवळा चिकट सापळा लगेच लावा. ती चुरडा-मुरड्याचा (पानं आखडण्याच्या रोगाचा) विषाणू आणते आणि तो एकदा शिरला की झाड उपटून टाकणं हाच इलाज.

उत्पन्न: पहिली हिरवी तोड डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. बाहेर रात्री दहा अंशांपर्यंत उतरत असताना खोलीत १८-२० राहत होतं, तेव्हा फळधारणा सर्वांत चांगली. जानेवारी-फेब्रुवारीत तीन झाडांवर आठवड्याला २०-२५ मिरच्या. लाल होईपर्यंत ठेवल्या की झाड नवी फुलं धरणं कमी करतं, म्हणून बियांपुरत्या चार ठेवून बाकी हिरव्याच तोडाव्यात. काळ्या मसाल्याची वर्षाची लाल मिरची अशी पिकवायची स्वप्नं नकोत. ती नंदुरबारच्या पथारींवर (मिरची वाळवायच्या पटांगणांवर) वाळलेलीच आणावी.

२० मिरच्यांत काय होतं? ठेचा दोनदा. ज्वालाच्या ८-१० मिरच्या, लसूण ८ पाकळ्या, दोन चमचे भाजलेले दाणे, अर्धा चमचा जिरं, मीठ. मिरचीला आधी सुरीचं टोक लावा, नाहीतर तव्यावर फुटून तेल डोळ्यांत उडतं. लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात, पांढरे-काळे फोड येईपर्यंत. खलबत्त्यात आधी मिरची-मीठ, मग लसूण, दाणे शेवटी आणि जाडसरच. मिक्सरमध्ये मिरचीचं पाणी सुटून चटणी होते, ठेचा होत नाही. घरात वाढलेली ज्वाला भरपूर पाण्यावर असली तर जरा सौम्य निघते. तोडणीआधी दोन दिवस पाणी ताणलं की तिखटपणा वाढल्याचं जाणवतं. झाडाने मान टाकेपर्यंत मात्र ताणू नका.

भरिताला एक किलो वांग्यांमागे १०-१२ मिरच्या पुरतात. बामणोदची हिरवी-पांढरी वांगी मिळाली तर उत्तमच. गॅसवर भाजताना वांग्याला चार टोचे द्या, मिरच्याही त्याच आचेवर. बडगीत (भरीत कुटायच्या लाकडी भांड्यात) आधी मिरची-लसूण, त्यावर वांगं, मग कांद्याची पात आणि दाण्यांची फोडणी. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. घोटलेल्या हिरव्या मिरचीच्या भाजीला मात्र शंभर-सव्वाशे ग्रॅम एका वेळी लागते, ती या तीन झाडांवर भागत नाही.

आता उन्हाळा. दिवसा ३५ आणि रात्री २५ च्या वर खोली राहिली की फुलं देठासकट गळतात. एप्रिलच्या मध्यापासून तेच झालं, कुठल्याही खताने थांबलं नाही. कूलर त्याच खोलीत असेल तर दुपारचं तापमान ३० च्या आसपास राहतं आणि थोडी फळं धरतात. पण कूलरचा झोत थेट झाडावर नको, पानं फाटतात आणि माती दिवसाआड सुकते. दिव्याची वेळ पहाटे ४ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ अशी तोडली, कारण दुपारच्या उकाड्यात पॅनलमागचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा डबा) हात लावू देत नाही आणि ड्रायव्हर तापला की तोच आधी जातो. खत बंद, फक्त पाणी. मार्चअखेरीला छाटणी करून झाडं एक तृतीयांश ठेवली होती, त्यामुळे पानं कमी आणि पाण्याची ओढही कमी. छाटलेल्या खोडांवर तीन आठवड्यांत नवे फुटवे आले. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस लागून रात्रीचं तापमान उतरलं की एकोणीस-एकोणीस पुन्हा सुरू आणि दिवा परत १४ तासांवर.